साठ-चाळीस

इस्तंबूलहून येऊन चार महिने झाले. बरे आलेले फोटो नातेवाइकांना पाठवून झाले, लोकुम या तिथल्या मिठाईचा डबा सोसायटीत वाटून संपला, पायांची सूज उतरली. एक गोष्ट मात्र मनातून उतरत नाही. एमिनोन्यूच्या एका गल्लीत एका म्हातारीने माझ्यापुढे हात केला आणि मी माझा हात मागे ओढून पर्स छातीशी धरली. एवढंच. घडायला तीन सेकंदही लागले नसतील, आणि ती तर ते त्याच दिवशी विसरून गेली असेल.

आमची सहल म्हणजे बेचाळीस मराठी माणसं आणि त्यांना मेंढरांसारखं हाकणारा एक बिचारा टूर मॅनेजर. बसमधून उतरताना त्याने नेहमीचा मंत्र म्हटला. पंचेचाळीस मिनिटं, पाकीट सांभाळा, कोणी हातात काही द्यायला आलं तर घेऊ नका, घेतलंत की पैसे मागतात. मसाल्यांच्या त्या जुन्या बाजारात, ज्याला तिथे मिसिर चार्शीसी म्हणतात, पहिली दहा मिनिटं मजा वाटली. मग प्रत्येक दुकानदार 'नमस्ते, शाहरुख खान' म्हणायला लागल्यावर कंटाळा आला. केशराचे ढीग, सुक्या अंजिरांच्या माळा, गुलाबाच्या कळ्या, सगळं बघण्यासाठी मांडलेलं. बाहेर रिमझिम होती. बाजूच्या दरवाजातून बाहेर पडले आणि एक वास आला. आधी वाटलं कोणीतरी भाजणी भाजतंय. चकलीच्या भाजणीत तांदूळ, डाळी होऊन शेवटी धणे पडतात आणि आई ओरडते, 'गॅस बारीक कर, लागेल,' तो क्षण असतो ना, अगदी तसा. वासाच्या मागे गेले तर कोपऱ्यावर रांग होती.

रांग दिसली की मुंबईच्या माणसाचे पाय आपोआप तिच्या शेपटाला जाऊन उभे राहतात, कशाची आहे ते नंतर विचारतात. ही कॉफीची होती. खिडकीसारखा काउंटर, आत हातांची विलक्षण लगबग, कागदाची करकर, पैसे, पुडा, पुढचा. माझ्या पुढे ही म्हातारी होती. डोक्याला करडा रुमाल, चाकांच्या पिशवीतून बाहेर डोकावणारी लांब कांद्याची पात, पायात जाड मोजे. तिने आपला पुडा घेतला, वळली, माझ्याकडे पाहिलं आणि पुडा धरलेला हात सरळ माझ्या हाताकडे आणला. म्हणाली, 'ताझे, ताझे.' मी पर्स आवळली. तिने भुवया जरा उंचावल्या, मग पुडा स्वतःच्याच गालाला लावला, हसली आणि पिशवी ओढत गेली.

बसमध्ये बसल्यावर माझा पुडा मांडीवर ठेवला तर तो गरम होता.

ताझे म्हणजे ताजं. दुसरं काय असणार? दुकानाला ते द्युक्कान म्हणतात, हिशोबाला हेसाप, साबणाला साबुन; असे शब्द सापडले की आमच्या बसमध्ये टाळ्या पडायच्या. आणि ज्या एका शब्दाचा खरा उपयोग होता तो कानावर पडूनही मला कळला नाही, कारण मी तो ऐकलाच नव्हता, फक्त हात बघितला होता.

बसमधल्या आमच्या गाइडबाईंनी पुडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. मेहमेत एफेंदींकडे गेला होतात! मग पुढचा अर्धा तास बस गर्दीत अडकलेली असताना त्याच दुकानाबद्दल बोलत राहिल्या, आणि मागच्या सीटवर नागपूरचे एक काका घोरत राहिले. नंतर घरी येऊन मीही बरंच वाचलं. अपराधी वाटायला लागलं की मी वाचत सुटते, माझी जुनी सवय आहे.

त्या गल्लीचं नाव ताहमिस. ताहमिस म्हणजेच भाजणं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या बोळाला 'भाजणी गल्ली' म्हणावं तसं. हसन एफेंदी नावाचे गृहस्थ तिथे मसाले आणि कच्ची, हिरवी कॉफी विकत. तेव्हा कॉफी कच्चीच विकली जायची. माणसं ती घरी न्यायची, तव्यावर भाजायची आणि हातजात्यात दळायची. १८७१ मध्ये दुकान त्यांच्या मुलाच्या, मेहमेतच्या हाती आलं आणि त्याने एक साधी गोष्ट केली. कॉफी दुकानातच भाजली, कुटली आणि तयार पूड विकायला लागला. लोक त्याला कुरुकाहवेजी म्हणायला लागले, सुक्या कॉफीवाला. दीडशे वर्षं होऊन गेली, दुकान त्याच गल्लीत आहे आणि त्याच घराण्याकडे आहे.

वाचताना मला मेहमेत एफेंदींपेक्षा त्या घरांतल्या बायाच दिसत राहिल्या. इस्तंबूलच्या थंडीत चुलीपाशी बसून दाणे हलवणाऱ्या, डोळ्यांत धूर गेलेल्या, एक घाणा करपला म्हणून बोलणी खाणाऱ्या. भाजलेली कॉफी पुड्यात मिळायला लागली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? सुटलो, असंच वाटलं असणार. पण आमच्या आजीला तयार भाजणीचं पीठ पहिल्यांदा आणून दिलं तेव्हा ती काही हरखली नव्हती. तिने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, 'बरं आहे. दुसऱ्याच्या घरचं आहे.' सुटका आणि हे दुसऱ्याच्या घरचं असणं दोन्ही एकाच पुड्यात बांधून येतात. रोज संध्याकाळी घराघरातून निघणारा वास त्या माणसाने उचलून एका गल्लीत आणून ठेवला. घरं बिनवासाची झाली, गल्लीला मात्र ओळख आली. आज परदेशी माणूस त्या वासाला परंपरा म्हणतो आणि फोटो काढतो. १८७१ साली तो रेडीमेड माल होता.

मेहमेत एफेंदी १९३१ मध्ये गेले. मागे तीन मुलगे, हसन सेलाहत्तिन, हुलुसी आणि अहमेत रिझा. तिघांनी धंदा पुढे नेला. हाताने कुटण्याच्या जागी यंत्रं आली, पार्चमेंट कागदाचे पुडे आले. १९३२ मध्ये त्यांनी जुन्या जागी नवी इमारत बांधून घेतली, झ्युहत्यू बाशार या आर्किटेक्टकडून. ती बघताना मला सारखं वाटत होतं, हिला कुठेतरी पाहिलंय. आर्ट डेको! गोलसर कोपरा, सरळ आडव्या रेषा, तो काळ. आमच्या माटुंग्यात, किंग्ज सर्कलला आणि पाच बागांच्या आसपास, तीस-चाळीसच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींची ही मावसबहीण. गंमत म्हणजे त्या वयाच्या इमारती आपल्याकडे रीडेव्हलपमेंटच्या बोर्डाखाली मान घालून उभ्या आहेत. १९३३ मध्ये त्यांनी इहाप हुलुसी या त्या वेळच्या नामवंत चित्रकाराकडून आपलं बोधचिन्ह काढून घेतलं. नवं प्रजासत्ताक दहा वर्षांचं, जगभर मंदी, आणि हे तिघे भाऊ कॉफीच्या पुड्यावर चित्र कसं असावं याचा विचार करतायत. मला हे फार आवडलं.

मग आला आडनावांचा कायदा. तोवर तिकडे आडनाव लावायची सक्तीच नव्हती. १९३४ मध्ये सगळ्यांना आडनाव घ्या म्हणून सांगण्यात आलं आणि या कुटुंबाने कुरुकाहवेजी हेच आडनाव घेतलं. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, पोतदार अशी कामावरून पडलेली आडनावं ढिगाने आहेत, पण त्यातलं कोणी आता ते काम करत नाही. इथे नेमकं उलट, लोकांनी दुकानावर चिकटवलेलं नाव कुटुंबाने आपल्या अंगावर गोंदवून घेतलं. त्या घरात एखादा नातू तरी असा निघाला असेल का, ज्याला कॉफीच्या वासाने मळमळतं? असेल तर त्याने काय केलं असेल? घराण्यांच्या इतिहासात हे कधी लिहिलेलं नसतं.

तुर्की लोक तपकिरी रंगाला काहवेरेंगी म्हणतात, कॉफीचा रंग. आपण तो तपकिरीवरून ओळखतो. न्याहारीला ते काहवाल्ती म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधी पोटात घालायचं ते. दिवसाची सुरुवात आणि एक अख्खा रंग त्यांनी कॉफीला देऊन टाकलाय, आणि प्रत्यक्षात बघाल तर एमिनोन्यूत जो तो चहा पीत असतो. कमरेत बारीक असलेले छोटे काचेचे पेले, लोंबत्या तबकातून पळवत नेणारी पोरं, गालिचा घ्या अथवा नका घेऊ, चहा येतोच. गाइडबाई म्हणाल्या, आमच्याकडे कॉफीचं झाड नाही. दाणे बाहेरून येतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी परकीय चलनाचा खडखडाट झाला तेव्हा कॉफी मिळेनाशी झाली. 'माझी आई काबुली चणे भाजून त्यांची पूड करायची,' त्या म्हणाल्या. 'ती कॉफीसारखी उकळायची, त्याच छोट्या कपांत ओतायची. पाहुणे प्यायचे आणि छान झालीय म्हणायचे. सगळ्यांना माहीत असायचं.'

सगळ्यांना माहीत असायचं. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

आम्ही माटुंग्याला भाऊ दाजी रोडजवळ एका जुन्या इमारतीत राहायचो, पागडीच्या दोन खोल्या, आजोबांच्या वेळच्या. मजल्यावर आम्ही एकटेच मराठी, बाकी सगळे तमिळ आणि पालघाटचे. घरात चहाच. कॉफी म्हणजे ताप आला की, पाहुणे आले की किंवा एकादशीला. दुधात उकळलेली, साखर सढळ आणि वरून जायफळ किसलेलं. ही कॉफी समोरच्या मामींनी एकदा आमच्याकडे घेतली. सभ्य बाई, सगळी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचा जुना पितळी फिल्टर घेऊन दारात उभ्या. 'वहिनी, हे तुम्ही ठेवा. जायफळ बासुंदीला घाला.' आईने फिल्टर ठेवून घेतला. वरच्या भांड्यात पूड, त्यावर दांडीची चकती, वरून उकळतं पाणी, झाकण, आणि मग हात न लावता थांबायचं. खालच्या भांड्यात थेंब थेंब पडणारा तो काळा अर्क ऐकायला मी आणि भाऊ कान लावून बसायचो. आई सगळं मामींसारखं शिकली. फक्त शेवटी, मामी नसताना, जायफळाचे दोन फेरे मारायचीच.

पूड आणायचं काम माझं. दुकानाचं नाव लिहीत नाही, माटुंगेकरांना लिहायची गरज नाही आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. बाप-मुलगे चालवायचे. आम्ही पोरं म्हाताऱ्यांना कॉफीमामा म्हणायचो. आत अंधारात एक ढोल फिरत असायचा, पोटात आग असलेला. कच्चा दाणा म्हणजे हिरवट राखाडी, वास गवताचा, पोत्याचा. तो तापायला लागला की आधी पिवळा होतो आणि ओल्या वैरणीचा वास सुटतो, मग भाकरीचा. मग एकदम तडतड सुरू होते, लाह्या फुटल्यासारखी, आणि तिथून पुढे सगळा खेळ थोड्याच वेळाचा. कॉफीमामा ढोलातून लांब दांडीचा चमचा काढून दाणे उजेडात धरायचे. घड्याळ भिंतीवर होतं पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. मग धडाड्कन सगळे दाणे खालच्या परातीत, पंखा, धूर, आणि शेजारच्या फुलवाल्यांच्या मोगऱ्याचा वास पंधरा मिनिटांपुरता हद्दपार.

तिथेच मला ती भाषा शिकायला मिळाली. प्लँटेशन म्हणजे फळ सोलून, धुऊन वाळवलेली अरेबिका. चेरी म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या दाण्यांऐवजी एकुलता एक गोल दाणा तयार झालेला, वाटाण्यासारखा. कॉफीमामा म्हणायचे, 'एकटा मुलगा, लाडाचा, म्हणून महाग.' आणि या सगळ्यांत मिसळायची चिकोरी. ती कॉफी नव्हेच, एका झाडाचं मूळ; गुजरातेत जामनगरकडे पिकतं. मुळं वाळवून, भाजून, दळून. तिच्यात कॉफीतली तरतरी अजिबात नाही, पण रंग गडद येतो, अर्क दाट उतरतो, आणि कडवटपणाला जरा गुळचट वजन येतं. शिवाय स्वस्त. हे 'शिवाय' महत्त्वाचं.

प्रत्येक घराचं कॉफी-चिकोरीचं प्रमाण वेगळं. मामींचं ऐंशी-वीस, निम्मी पीबेरी. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचं निव्वळ कॉफी, चिकोरीचं नाव काढलं तर भांडण. आमचं सत्तर-तीस. मी काउंटरपाशी गेले की कॉफीमामा विचारायचे, 'नेहमीचं?' आणि मी मान हलवायची. कुठे लिहिलेलं नसायचं. अख्ख्या माटुंग्याची टक्केवारी त्या टकलाच्या आत. इस्तंबूलच्या रांगेत उभी असताना मला हाच फरक जाणवत होता. तिथे जो तो तेच मागत होता, पिठासारखी बारीक तीच पूड. किती, एवढाच प्रश्न. परंपरा अख्खी दुकानाच्या मालकीची. गिऱ्हाईक येतं आणि तिच्यातला एक पुडा घेऊन जातं. माटुंग्याच्या दुकानाकडे स्वतःची अशी कॉफीच नव्हती. होती ती आमची, मामींची, वकिलांची. दुकान फक्त सांभाळायचं. यातलं मोठं काय, या वादात मी पडत नाही. पण एक आहे, असं सांभाळताना दुकानाला आमच्याबद्दल नको तेवढं कळायचं.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा परळच्या एका गिरणीत हिशेबनीस होते. सुरुवातीला महिनाभराची गोष्ट वाटली होती. मग होळी गेली, गणपती गेले. संपाबद्दल मी काय सांगणार, ज्यांच्या घरात तो होता त्यांना सांगायला नको. आमच्या घरात तो आवाज करून आला नाही. दुधाची एक पिशवी कमी झाली. माझ्या भावाची सहल रद्द झाली, कारण 'पाऊस फार आहे' म्हणून. आणि एका संध्याकाळी आईने पैसे देताना माझ्या मुठीवर आपली मूठ दाबून सांगितलं, 'आज साठ-चाळीस सांग. हळू सांग.'

मी बारा वर्षांची होते. हळू सांगायचं म्हणजे चूक आहे, एवढं कळायचं वय. दुकानात मामी उभ्या होत्या. वकिलांचा मुलगा होता. कॉफीमामांनी विचारलं, 'नेहमीचं?' आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. ते थांबले. माझ्या मुठीतल्या नोटेकडे पाहिलं, नेहमीपेक्षा लहान होती ती. मग मान हलवली, मिसळलं, दळलं, पुडा बांधला. दळण नुकतं झालेलं असलं की पूड गरम असते, पुडा हातात धरला की कोंबडीच्या पिलासारखा. वाटेत मी तो फ्रॉकला लावून धरला. घरी आईने वास घेतला, चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाली, 'बरोबर दिलंय.' मी प्रमाण सांगितलंच नव्हतं हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हाही त्यांनी 'नेहमीचं?' असंच विचारलं, आणि साठ-चाळीस दिलं. त्याच शब्दात, त्याच आवाजात. मामी शेजारी उभ्या राहून कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. त्यांनाही कळलं असणार, पंचवीस वर्षं रोज अर्क काढणाऱ्या बाईला नुसत्या रंगावरून कळतं. त्यांनी आमच्याकडची कॉफी नंतरही कितीदा तरी घेतली. छान झालीय म्हणाल्या.

गाइडबाईंची आई, चण्यांची कॉफी, पाहुणे. सगळ्यांना माहीत असायचं.

मग मी स्वतःला विचारते, अशा गल्लीत वाढलेल्या मुलीने त्या म्हातारीचा हात बघून पर्स का आवळावी? टूर मॅनेजरवर ढकलता येईल, आणि थोडं ढकलतेही. पण खरं सांगायचं तर कोणीतरी काहीतरी फुकट पुढे करतंय, हेच मला हल्ली समजेनासं झालंय. फोन वाजला की कर्ज, दार वाजलं की पार्सल, रस्त्यात कोणी हसलं की देणगी. तिला फक्त दाखवायचं होतं की हे गरम आहे. वस्तूही द्यायची नव्हती, नुसती ऊब.

आईला मी तो इस्तंबूलचा पुडा नेऊन दिला. ती आता ब्याऐंशीची आहे, भावाकडे ठाण्याला असते, डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय आणि तिने डॉक्टरांना. पुडा अर्थातच थंड झाला होता. तिने उघडून नाक खुपसलं. 'केवढी बारीक आहे गं, फेस पावडरसारखी. चिकोरी नाही यात.' नाही, म्हटलं. तिकडे गाळत नाहीत, तळाशी बसू देतात. मी तिथून आणलेल्या लांब दांडीच्या छोट्या भांड्यात, जेझवेत, गार पाण्यात पूड आणि साखर घालून मंद आचेवर ठेवली. फेस वर चढला, उतू जायच्या आत उतरवली. आईने एक घोट घेतला, गाळ दाताखाली आला, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाली, 'जायफळ कुठंय बघ, डब्यात खाली.' पाचशे वर्षं जुन्या कॉफीवर तिने दोन फेरे मारले. मग सगळी प्यायली, गाळासकट.

तेव्हाच मी विचारलं. 'आई, संपाच्या वर्षी आपण साठ-चाळीस घ्यायचो ना?'

'छे,' ती म्हणाली. 'आपलं कायम सत्तर-तीस. कॉफीत काटकसर केली नाही कधी मी.' अगदी डोळ्याला डोळा भिडवून. तिला खरंच आठवत नाही, की आठवतंय आणि मी बारा वर्षांचीच आहे तिच्या लेखी, ते मला कळलं नाही. मी वाद घातला नाही.

गेल्या आठवड्यात माटुंग्याला गेले होते. कॉफीमामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता नातू बसतो, कानात छोटं यंत्र, गुगल पे, आणि कुरिअरने बंगळुरूला कॉफी मागवणाऱ्यांच्या ऑर्डरी. बंगळुरूला! तो 'नेहमीचं?' विचारत नाही, विचारणार तरी कसा. पुड्यावर आता टक्केवारी छापावी लागते. कॉफी निदान ५१ टक्के हवी, चिकोरी किती ते लिहायला हवं, असा नियमच आहे. हळू सांगायची सोय राहिली नाही. त्याने विचारलं, 'मॅम, रेशो?' आणि माझ्या तोंडून गेलं, साठ-चाळीस. मला परवडत नाही असं आता काही नाही. वकिलांसारखी निव्वळ पीबेरी पिता येईल. मध्यंतरी दोनदा आणूनही पाहिली. चांगली असते. पण पाण्यासारखी वाटते, आणि दुसऱ्याच्या घरची.

संध्याकाळची कल्याण स्लो, बायकांचा डबा, नशिबाने खिडकी. पुडा मांडीवर होता, पिशवीतूनही गरम लागत होता. शीव गेलं. समोर एक आजीबाई बसल्या होत्या, नऊवारी, हातात औषधांची पिशवी, आणि त्यांची नजर सारखी माझ्या मांडीवर. वासच तसा होता, अर्धा डबा वळून बघत होता. मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. कुर्ला गेलं. मग पुडा काढला आणि पुढे धरला. म्हटलं, 'आजी, बघा, ताजी आहे. हात लावून बघा.'

त्यांनी हात मागे घेतला नाही. दोन्ही तळवे पुड्यावर ठेवले आणि ठेवूनच दिले. गाडी विद्याविहारला थांबली, निघाली. घाटकोपर जवळ आलं तसा त्यांनी पुडा नाकाशी नेला, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि तो माझ्या हातात परत दिला.

'चिकोरी जास्त आहे,' त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून दाराकडे सरकल्या.